मापाचा माणूस : रॉबर्ट बॉश

काही माणसांची नावे ग्रंथांत राहतात, काहींची रस्त्यांना आणि चौकांना दिली जातात, तर काहींची यंत्रावर बसवलेल्या लहानशा पत्र्यावर कोरलेली राहतात. या तिसऱ्या जातीच्या नावांचे नशीब मोठे चमत्कारिक असते. ती रोज शेकडो लोकांच्या तोंडी असतात; पण हे एका माणसाचे नाव आहे, त्याला आईबाप होते, सुखदुःखे होती, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते. डिझेल हे असे एक नाव. बॉश हे दुसरे.

आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजात जा. ट्रकचा पंप उघडून बसलेला मिस्त्री बॉश पंप किंवा मायको पंप असेच म्हणणार. मायको म्हणजे १९५१ साली बेंगळुरूत स्थापन झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी. पुढे नाशिकलाही तिचा कारखाना निघाला, आणि तिथल्या एका चौकाला लोक आजही मायको सर्कल म्हणतात. २००८ साली कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, तरी गॅरेजातले जुने नाव पुसले गेले नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. वायूंचे नियम फळ्यावर मांडले की मागच्या बाकावरून मोटारीविषयी प्रश्न येणार, हे आता ठरून गेले आहे. अलीकडे वारंवार येणारा प्रश्न असा, की गाडीला मोठा टर्बो बसवला तर ताकद किती वाढेल? त्यावर माझे उत्तर नेहमी एकच असते. टर्बो फक्त हवा वाढवतो. ताकद किती वाढायची ते इंधन ठरवते, आणि इंधन किती जायचे ते पंप आणि इंजेक्टर ठरवतात. हे समजावून सांगण्यासाठी पंपाची हकिगत वाचू लागलो आणि वाचता वाचता पंपावरून माणसाकडे वळलो. यंत्राइतकाच तो माणूसही विचार करायला लावणारा निघाला. त्याची ओळख आपल्या विद्यार्थ्यांना करून द्यावी म्हणून हा लेख.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी दक्षिण जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांतले ते अकरावे. वडिलांची शेतीवाडी होती आणि वाटसरूंसाठी खानावळवजा धर्मशाळाही होती. घर खाऊनपिऊन सुखी, वाचनाची आवड असलेले. शाळा संपल्यावर मुलाला उल्ममध्ये एका बारीक यंत्रकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवले. हा उस्ताद काही फारसे शिकवणारा नव्हता. तीन वर्षे तिथे गेली, पण हाताला हवे तसे वळण मिळाले नाही. ही सल बॉश यांच्या मनात कायमची राहिली. स्वतःचा कारखाना मोठा झाल्यावर, १९१३ साली, त्यांनी उमेदवारांसाठी वेगळी शिक्षणशाळा काढली, तिचे मूळ या सलीत असावे असे मला वाटते.

उमेदवारीनंतरची काही वर्षे भटकंतीत गेली. जर्मनीतल्या निरनिराळ्या कारखान्यांत काम केले. स्टुटगार्टच्या तंत्रशाळेत थोडा काळ बसून विजेचे शास्त्र ऐकले. १८८४ साली ते अमेरिकेला गेले आणि तिथे एडिसनच्या कारखान्यातही त्यांनी काम केले. परतताना इंग्लंडमध्ये सीमेन्स बंधूंकडे राहिले. पदवी नाही, भांडवल नाही. मात्र विजेचे युग येते आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले. वडिलांच्या वारशाचे काही हजार मार्क हाती आले, तेव्हा १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी स्टुटगार्टमध्ये एका घराच्या मागच्या भागात कार्यशाळा उघडली. हाताखाली एक कारागीर आणि एक पोऱ्या. टेलिफोन बसवणे, घंटा दुरुस्त करणे, जे येईल ते काम.

सुरुवातीची वर्षे कठीण गेली. कर्ज काढावे लागले, माणसे कमी करावी लागली. गिऱ्हाइकांकडे लवकर पोचता यावे म्हणून १८९० साली बॉश यांनी सायकल घेतली आणि तिच्यावरून ते गावभर कामाची देखरेख करीत हिंडू लागले. इथे आपल्या बेळगावची आठवण होणे साहजिक आहे. त्याच सुमारास, १८८८ साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले होते. ती सायकलही पुढे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यापर्यंत जाऊन पोचली. मोठ्या उद्योगांची सुरुवात किती साध्या वस्तूंपासून होते, याची ही दोन उदाहरणे.

कार्यशाळा निघाल्यावर वर्षभरातच एक गिऱ्हाईक आले. त्याला गॅसवर चालणाऱ्या स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो हवा होता. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने ठिणगी पाडणारे यंत्र. तसला एक नमुना दुसऱ्या कारखान्याने बनवलेला होता. बॉश यांनी जाऊन तो पाहिला, त्यावर कुणाचा हक्क नाही याची खात्री केली आणि स्वतःचा बनवला. शोध दुसऱ्याचा, पण बनावट जास्त काटेकोर. पुढच्या सगळ्या आयुष्याची ही पद्धत ठरली. बॉश हे एडिसनसारखे कल्पनांचे कारंजे नव्हते. कुणाच्या तरी डोक्यातली, चालेल न चालेल अशी वस्तू घ्यायची आणि ती हजार वेळा बनवली तरी हजार वेळा सारखीच चालेल अशी करायची, हे त्यांचे काम.

१८९७ साली फ्रेडरिक सिम्स या व्यापाऱ्याने त्यांच्याकडे फ्रान्समधली एक द दियों-बूतों तीनचाकी आणून दिली आणि तिला मॅग्नेटो बसवायला सांगितले. तिचे इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्या करीत असे. तोवरच्या जड मॅग्नेटोला एवढा वेग झेपणे शक्य नव्हते. बॉश यांच्या कारखान्यातला मुकादम आर्नोल्ड झेरिंगर याने तोड काढली. जड आर्मेचर फिरवण्याऐवजी त्याच्याभोवतीची हलकी धातूची बाही तेवढी हलवायची. मोटारीतली ठिणगी मार्गी लागली. १९०२ साली गॉटलोब होनोल्ड या तरुण अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडून स्पार्क प्लग तयार केला. हा होनोल्ड पूर्वी याच कार्यशाळेत उमेदवार होता. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या काळात जगातल्या मोटारींची ठिणगी बव्हंशी स्टुटगार्टहून येत असे आणि कारखान्याचा बहुतेक माल परदेशी जात असे.

१९०६ साली कारखान्यातून एक लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला. त्याच वर्षी बॉश यांनी कामाचा दिवस आठ तासांचा केला. त्या काळी दहा-अकरा तास काम हीच रीत होती. इतर कारखानदार चिडले आणि त्यांना लाल बॉश म्हणू लागले. यात केवळ दयाबुद्धी होती असे समजण्याचे कारण नाही. आठ तासांच्या दोन पाळ्या लावल्या तर महागडी यंत्रे जास्त वेळ चालतात, आणि थकलेल्या हातून बारीक काम बिघडते, हा हिशेब त्यामागे होता. हिशेब आणि माणुसकी एकाच दिशेने जात असतील तर दोन्ही धरावे, असे त्यांचे वागणे. म्हणून ते अगदी संत ठरत नाहीत. १९१३ साली त्यांच्याकडेही मोठा संप झाला आणि त्यानंतर ते मालकांच्या संघटनेत सामील झाले.

पैशाचेही त्यांचे माप वेगळे होते. कारखान्यात फिरताना जमिनीवर पडलेली कागदाची टाचणी ते उचलून ठेवीत, असे सांगतात. याच माणसाने १९१० साली स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाला दहा लाख मार्क दिले. पहिल्या महायुद्धात युद्धसाहित्यातून झालेला नफा स्वतःकडे ठेवणे त्यांना रुचले नाही, आणि त्यातली फार मोठी रक्कम त्यांनी नेकार नदीच्या कालव्यासाठी व इतर लोकोपयोगी कामांसाठी देऊन टाकली. टाचणी उचलणारा हात आणि लाखो देणारा हात एकच होता.

महायुद्धाने त्यांचे जवळजवळ सगळे परदेशी साम्राज्य बुडाले. अमेरिकेतला कारखाना तिथल्या सरकारने जप्त केला. परदेशांतल्या बाजारपेठा आणि हक्क गेले. १९२१ साली एकुलता मुलगा दीर्घ आजाराने वारला. त्याने हा व्याप पुढे चालवावा अशी बापाची इच्छा होती. अशा अवस्थेत, साठी ओलांडल्यावर, १९२२ च्या अखेरीस बॉश यांनी एक निर्णय घेतला. डिझेल इंजिनासाठी इंधनाचा पंप बनवायचा.

या निर्णयातली मेख लक्षात घेण्यासारखी आहे. बॉश यांचा सगळा कारखाना ठिणगीवर उभा होता, आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होण्याच्या बेतात येते. तिच्यात इंधन फवारले की ते आपोआप पेटते. म्हणजे डिझेलच्या गाड्या वाढल्या तर मॅग्नेटोचा धंदा बसणार. आपला धंदा बुडवू शकणाऱ्या यंत्राचाच अवयव आपण बनवायचा, असा हा निर्णय.

अवयवही साधा नव्हता. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गला यशस्वी झाले. पण त्यात इंधन आत ढकलण्यासाठी दाबलेल्या हवेचा झोत वापरावा लागे आणि त्यासाठी एक वेगळा कंप्रेसर इंजिनाला जोडावा लागे. जहाजावर किंवा वीजघरात हे चालण्यासारखे होते. ट्रकवर एवढे ओझे कोण वाहणार? म्हणून पंचवीस वर्षे हे इंजिन एका जागी बसून राहिले. प्रॉस्पेर लोरांज यांच्यासारख्या अभियंत्यांनी ज्वलनकक्षाची रचना सुधारली आणि हवेच्या झोताशिवाय नुसते इंधन फवारून इंजिन चालू शकते, हे सिद्ध होत गेले. पण ते इंधन मोजून, वेळेवर आणि प्रत्येक सिलिंडरला सारखे देणारा पंप बाजारात मिळत नव्हता.

हे मोजणे म्हणजे काय, याची थोडी कल्पना यावी म्हणून आकडे देतो. ट्रकच्या एका सिलिंडरला पूर्ण भारावर एका वेळी लागणारे डिझेल म्हणजे एक-दोन थेंब. इंजिन मिनिटाला २००० फेऱ्या करीत असेल, तर चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला हे थेंब मिनिटाला १००० वेळा द्यायचे. फवारा सुरू होऊन संपायला मिळतो सेकंदाचा सुमारे पाचशेवा भाग. दाब शेकडो वातावरणांचा. आणि सहा सिलिंडरांपैकी एकाला थेंबाचा दहावा हिस्सा जरी जास्त गेला तरी इंजिन धुरकटणार, थडथडणार.

यावरचा उपाय असा. पोलादी बॅरलमध्ये एक बारीक प्लंजर वरखाली होतो. त्याची धाव नेहमी तेवढीच. मात्र त्याच्या अंगावर एक तिरपी खाच कापलेली असते. दात्यांची एक पट्टी, म्हणजे रॅक, मागेपुढे सरकवली की प्लंजर थोडा फिरतो. फिरला की ती खाच बॅरलच्या भोकासमोर लवकर किंवा उशिरा येते आणि त्याप्रमाणे कमी किंवा जास्त डिझेल नोझलकडे जाते. चालकाच्या पायाखालचा ॲक्सिलरेटर शेवटी या रॅकशी बोलतो. प्लंजर आणि बॅरल यांत फट ठेवायची ती दोन-चार मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीसाव्या भागाएवढी. म्हणूनच या जोड्या एकमेकींत बदलता येत नाहीत. एका बॅरलचा प्लंजर दुसऱ्यात घातला की माप गेले.

ही सगळी कल्पना बॉश यांची एकट्याची होती असे नाही. अनेकांनी अनेक रचना करून पाहिल्या होत्या. पण एवढी बारीक फट लाखो नगांत सारखी राखणे हे ज्याला जमेल त्याच्याच हाती हे काम येणार होते, आणि मॅग्नेटोने या कारखान्याचे हात तयार केले होते. पाच वर्षांच्या प्रयोगांनंतर १९२७ च्या अखेरीस पंपांचे नियमित उत्पादन सुरू झाले. तोपर्यंत बॉश यांनी प्रयोगांवर पैसे घातले, पण कच्चा माल बाजारात जाऊ दिला नाही. ट्रकला डिझेल इंजिन बसू लागले ते यानंतर खऱ्या अर्थाने. १९३६ साली मर्सिडीज-बेन्झची डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार आली, तिचाही पंप बॉशचाच.

आता टर्बोकडे वळू. तोही याच काळातला. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू फुकट जातो. त्याने एक चक्र फिरवायचे आणि त्या चक्राच्या दांड्यावर दुसरे चक्र बसवून बाहेरची हवा दाबून आत भरायची. विसाच्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांना हे यंत्र लावले, तेव्हा १७५० अश्वशक्तीची इंजिने २५०० अश्वशक्ती देऊ लागली. इंजिनाचा आकार तोच. हवा जास्त आणि अर्थातच इंधनही जास्त.

हा शेवटचा भाग लोक विसरतात. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी आपल्या जुन्या डिझेल गाडीला दुसऱ्या गाडीचा टर्बो बसवून घेतला. पंप होता तसाच. गाडी नुसती शीळ घालू लागली. ताकद म्हणावी तशी वाढेना. मग कुणीतरी पंपाचा पूर्ण भाराचा स्क्रू अंदाजाने फिरवून दिला. आता गाडी पळू लागली, पण मागे काळा धूर सोडीत. गोव्याला जाताना चोर्ला घाटात चढावर ती बसली. उघडून पाहिले तो एका पिस्टनचा माथा जळालेला. हवेपेक्षा इंधन जास्त झाले की डिझेल इंजिनात धूर होतो आणि बाहेर पडणारा वायू मर्यादेबाहेर तापतो. त्या उष्णतेपुढे ॲल्युमिनियमचा पिस्टन टिकत नाही.

खरे काम कसे करायचे? जुन्या पंपावर त्यासाठी एक सुंदर योजना असते. टर्बोनंतरच्या हवेच्या नळीतून एक बारीक नळी पंपावरच्या पडद्याच्या डबीला जोडतात. हवेचा दाब वाढला की पडदा स्प्रिंगविरुद्ध दबतो आणि रॅकला थोडे आणखी पुढे जाऊ देतो. टर्बो अजून फिरू लागला नसेल तर रॅक अडवलेलाच राहतो. हवा आली तेवढेच इंधन, आधी नाही आणि जास्त नाही. हे जुळवण्यासाठी पंप गाडीवरून काढून चाचणीच्या बाकावर बसवायचा आणि काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलिंडरचे डिझेल मोजायचे. आपल्या गावांत पंप-नोझलची दुकाने आहेत ती याच कामासाठी.

पेट्रोलच्या टर्बो गाडीत धोका उलट बाजूने येतो. तिथे इंधन कमी पडले तर घात. एक भाग पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. टर्बोच्या पूर्ण दाबावर मात्र त्याहून जास्त पेट्रोल, म्हणजे बारा भागांच्या आसपास हवेला एक भाग, असे मिश्रण ठेवतात. जादा पेट्रोल उष्णता शोषून घेते. तेवढे पेट्रोल पोचले नाही तर मिश्रण अवेळी भडकते, इंजिनात ठोके पडतात आणि काही क्षणांत पिस्टन फुटू शकतो.

इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबातील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच इंजेक्टरमधून दीडपट पेट्रोल हवे असेल तर दाबाचा फरक सव्वादोनपट करावा लागेल. म्हणून मोठे काम असेल तर इंजेक्टरच मोठे घ्यावे लागतात. आणखी एक गोष्ट. इंजेक्टर ज्या नळीत फवारतो तिथेच टर्बोची दाबलेली हवा असते आणि ती पेट्रोलला उलट ढकलते. रेलमध्ये ३ बार दाब असेल आणि टर्बो १ बार दाब देत असेल, तर उरला फरक २ बारचा. म्हणून दाबनियंत्रकाला हवेच्या नळीची जोड देऊन रेलचा दाब ४ बार करावा लागतो. आता टाकीतल्या पंपाला जास्त दाबाविरुद्ध जास्त पेट्रोल द्यायचे आहे, आणि दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. म्हणजे पंपही मोठा हवा. मग गाळणी आणि नळ्या तेवढा प्रवाह सोसतात का ते पाहायचे, आणि शेवटी संगणकाला नवे माप शिकवायचे. साखळीतली एक कडी बदलून भागत नाही. जे विद्यार्थी या नादाला लागले आहेत त्यांनी वाहनात असे बदल करण्याचे कायदेही आधी वाचावेत.

बॉश यांच्या आयुष्यातही असा एक दाब आला, की ज्याच्यापुढे त्यांचे मापच चालेना.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला तेव्हा बॉश ७१ वर्षांचे होते. ते मनाने उदारमतवादी. फ्रान्सशी समेट व्हावा, ज्यूंचा द्वेष थांबावा यासाठी त्यांनी पैसा आणि शब्द दोन्ही खर्च केले होते. त्यांचा कारखाना छळ होणाऱ्या ज्यूंना आतून मदत करीत राहिला. या कामात पुढे असलेले त्यांचे उत्तराधिकारी हान्स वाल्झ यांचा पुढे इस्रायलने गौरव केला. हिटलरचा विरोधक कार्ल गोर्डेलर याला १९३७ साली कारखान्याने सल्लागार म्हणून आसरा दिला. हिटलरविरुद्धच्या कटाबद्दल त्याला १९४५ च्या फेब्रुवारीत फाशी झाली.

आणि याच काळात याच कारखान्याचे पंप सैन्याच्या ट्रकांत जात होते. विमानांच्या पेट्रोल इंजिनांत थेट इंधन फवारणारा पंपही बॉशनेच सिद्ध केला होता. मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाच्या डेमलर-बेन्झ इंजिनाला तो होता. त्या इंजिनातही हवा दाबून भरली जात असे आणि पंप त्या हवेला जुळेल एवढे पेट्रोल मोजून देत असे. युद्धाच्या वर्षांत कारखान्यात हजारो माणसांना सक्तीने राबवले गेले. त्यांत युद्धकैदी होते, व्यापलेल्या देशांतून आणलेले स्त्रीपुरुष होते आणि छळछावण्यांतले कैदीही होते. आठ तासांचा दिवस सुरू करणाऱ्या माणसाच्या नावाखाली हे घडले.

१२ मार्च १९४२ रोजी बॉश स्टुटगार्टमध्ये वारले. ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, तिनेच त्यांची सरकारी इतमामाने अंत्ययात्रा काढली. मेलेल्या माणसाला नको म्हणता येत नाही.

मी हे चरित्र वाचताना या ठिकाणी बराच वेळ थबकलो. यात निवाडा करणे सोपे नाही. कारखाना बंद केला असता तर सरकारने तो दुसऱ्याच्या हाती दिला असता आणि आत लपलेल्यांचा आसरा गेला असता, असे म्हणता येईल. पण कारखाना चालू राहिल्याने युद्ध चालू राहायला मदत झाली, हेही तितकेच खरे. एका बाजूच्या भल्याने दुसऱ्या बाजूचे वाईट पुसले जात नाही. पंपाच्या बाकावर प्रत्येक काचेची नळी वेगळी वाचतात. सहांची सरासरी काढून पंप चांगला ठरवत नाहीत. माणसाच्या बाबतीतही तसेच करावे, असे मला वाटते.

त्यांच्यामागे राहिले तेही सांगितले पाहिजे. होमिओपॅथीवर त्यांचा विश्वास होता आणि १९४० साली त्यांनी स्टुटगार्टला रुग्णालय काढले. ते आजही चालू आहे. आपल्या पश्चात नफा घरात साठू नये, तो लोकांच्या कामी यावा अशी व्यवस्था त्यांनी मृत्युपत्रात करून ठेवली. त्यानुसार १९६४ पासून कंपनीचे ९० टक्क्यांहून अधिक भांडवल एका धर्मादाय संस्थेकडे आहे, आणि तो पैसा आरोग्य, शिक्षण आणि राष्ट्राराष्ट्रांतल्या सलोख्यासाठी खर्च होतो.

पंपही बदलला. तिरप्या खाचेच्या प्लंजरची जागा आता संगणकाने उघडझाप होणाऱ्या इंजेक्टरांनी घेतली आहे आणि डिझेल २००० बार आणि त्याहून अधिक दाबाने फवारले जाते. माप आणखी बारीक झाले. मोहही तसाच बारीक झाला. २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांची लबाडी उघडकीस आली. चाचणीच्या वेळी धूर कमी दाखवायचा आणि रस्त्यावर मोकळा सोडायचा, अशी ती युक्ती. त्या इंजिनांची नियंत्रण यंत्रे बॉश कंपनीने पुरवली होती. देखरेखीत कसूर केल्याबद्दल २०१९ साली स्टुटगार्टच्याच सरकारी वकिलांनी कंपनीला ९ कोटी युरोंचा दंड केला. आपल्याकडे याला मापात पाप म्हणतात. पहिला पंप बाजारात आणण्याआधी पाच वर्षे थांबलेल्या माणसाच्या गावी हे व्हावे, हे विचार करण्यासारखे आहे. नाव वारशाने मिळते, पण माप वारशाने मिळत नाही. ते दर पिढीला नव्याने तपासून घ्यावे लागते.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण उद्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत जातील, काही पुण्या-बेंगळुरूला जातील, काही स्वतःची गॅरेजे काढतील. त्यांना रॉबर्ट बॉश यांच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. दुसऱ्याच्या कल्पनेलाही आपल्या हाताच्या काटेकोरपणाने मोल देता येते. चांगले शिकवणारा उस्ताद मिळाला नाही म्हणून रडत न बसता पुढच्या मुलांना तो मिळवून देता येतो. आपला धंदा बुडवणारी गोष्ट समोर आली, तर तिच्याकडे पाठ न फिरवता ती शिकता येते. आणि आपण अचूक बनवलेली वस्तू कुणाच्या हाती जाणार आहे, हा प्रश्न मात्र वेळीच, हाती अजून थोडे बळ असतानाच विचारायला हवा. कारण पंप निर्जीव असतो. त्याला ट्रक आणि रणगाडा यांतला फरक कळत नाही. तो कळून घेण्याचे काम पंप बनवणाऱ्याचे आहे.